वाचकांचे प्रश्न : अंगणातला मांडव

प्रश्न : बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या घराच्या पश्चिम अंगाला 12 बाय 10 फुटांची मोकळी जागा आहे. तेथे संध्याकाळी बसण्यासाठी लाकडी पर्गोला, म्हणजे खांबांवर उघड्या रिपांचे छत असलेला मांडव, करायचा आहे. चार सागवानी खांब खड्ड्यांत उभे करून भोवती काँक्रीट ओतावे, असे सुतारांचे म्हणणे आहे. वरच्या रिपा कोणत्या दिशेने टाकाव्यात? त्यांवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घालावा काय?

उत्तर : रिपांची दिशा आपण आधीच विचारलीत हे बरे झाले, कारण एरवी ती लाकडाच्या बचतीवर ठरते. बेळगाव जवळपास 16 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही, म्हणजे आपल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास, थेट माथ्यावर येतो. ते ऊन कडेवर उभ्या केलेल्या रिपांच्या फटींतून सरळ खाली उतरणारच. पण त्या वेळी अंगणात बसतो कोण? अडवायचे आहे ते कलत्या दुपारचे, पश्चिमेकडून येणारे ऊन. त्यासाठी रिपा दक्षिणोत्तर टाकाव्यात आणि त्या निजवू नयेत, कडेवर उभ्या ठेवाव्यात. रीप 4 इंच उंच आणि फटही 4 इंचांची असेल, तर सूर्य 45 अंशांखाली उतरताच, म्हणजे मे महिन्यात साडेतीनच्या सुमारास, फटींतून येणारे ऊन थांबते. फट 3 इंचांची केल्यास अर्धा तास आधीच थांबते. पाचनंतरचे ऊन मात्र छताखालून, बाजूने शिरते. त्याला पश्चिमेकडे जाळी लावून वेल चढवण्यावाचून उपाय नाही.

खांबांच्या बाबतीत आपल्या सुतारांशी मी सहमत नाही. काँक्रीटमध्ये गाडलेल्या लाकडाभोवती बारीक फट पडते, पावसाळाभर तीत पाणी मुरते आणि सागवानही नेमके जमिनीलगत कुजते. वरून खांब धडधाकट दिसतो, पण बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो सहज आत जातो. त्याऐवजी दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल पाया भरून त्यात लोखंडी पट्ट्यांचा बूट बसवावा आणि खांब जमिनीपासून दोन इंच वर राहील असा त्यात बोल्टने आवळावा. खांब पूर्व-पश्चिम 9 फुटांवर आणि दक्षिणोत्तर 7 फुटांवर घेतले, तर चारही बाजूंना दीड फूट छज्जा सुटतो. तुळया पूर्व-पश्चिम येतील. प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना 6 बाय 2 इंचांची एकेक तुळई आरपार बोल्टने जोडावी, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये.

पत्रा नको. एप्रिल-मेमधला वळीव वाऱ्यासह आला की वारा उघड्या रिपांतून निघून जातो; पत्र्याखाली शिरला तर सगळा सांगाडा उपसू पाहतो. कारागीर कन्नड बोलणारे असतील, तर पर्गोला म्हणण्याऐवजी ‘हंदर’ (मांडव) म्हणून पाहा. काय हवे ते चटकन ध्यानात येते.

प्रश्न : खानापूरजवळ आमच्या परसात घोसाळ्यांसाठी बांबूचा मांडव आहे. वर्षभरातच बांबूंतून पिवळसर पीठ गळू लागले. बोरॅक्सच्या पाण्यात भिजवलेले बांबू टिकतील काय?

उत्तर : ते पीठ भुंगेऱ्याने पोखरल्याचे आहे, बांबूतल्या पिष्टासाठी तो आत शिरतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचा उपाय खरा आहे, पण छपराखालच्या बांबूंसाठी. ही द्रव्ये पाण्यात विरघळत असल्याने खानापूरच्या पावसात उघड्या मांडवातून ती धुऊन जातील, आणि तो खर्च मी तरी करणार नाही. तीन वर्षांहून जून झालेले, भरीव बांबू पावसाळा सरल्यावर तोडावेत, बुडे मातीत न पुरता दगडावर टेकवावीत आणि पोखरलेला बांबू दरवर्षी वेल काढल्यावर बदलावा.