तेराव्यानंतरचं घर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही 'घरातलं माणूस गेल्यानंतर नात्यांचं काय होतं' या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. गाव आणि घर ओळखता येईल असा तपशील काढला आहे. उत्तरं समुपदेशक आणि दिवाणी वकील यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वडिलांना जाऊन दोन महिने झाले. बाराव्याला पंगत उठली आणि थोरल्या भावाने आम्हा दोघी बहिणींपुढे हक्कसोड पत्राचा कागद ठेवला. "तुम्हाला काय कमी आहे? सही करा, पुन्हा हेलपाटा नको." धाकटीने केली, मी केली नाही. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. आई म्हणते, "तुझ्यापायी घर फुटलं." जमीन अडीच एकर आणि गावातलं घर आहे. मला जमीन नको, माहेर हवं आहे. (सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या घरात दोन वेगळे कागद एकच समजले गेले आहेत. निम्म्या घरांत असंच होतं, म्हणून आधी ते वेगळे करू.

पहिला कागद वारस नोंदीचा. जमीनधारक गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) एवढं लागतं. 'ई-हक्क' प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. त्यानंतर फेरफार (हक्काच्या नोंदीतला बदल) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या नोंदीत आई, भाऊ आणि दोघी बहिणी अशी चारही नावं लागतात. त्यात कोणी काही सोडत नाही आणि कोणाला जादा मिळत नाही. घाई असलीच तर एवढ्याच कागदाची आहे.

दुसरा कागद हक्कसोड पत्राचा, म्हणजे आपला वाटा दुसऱ्या वारसाच्या लाभात सोडण्याचा. त्याला मुदत नाही. आज करा, पाच वर्षांनी करा, नाहीतर करूच नका. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. धाकटीने घरात सही केलेला कागद नोंदवलेला नसेल, तर त्याने तिचा हक्क गेलेला नाही. मात्र एकदा नोंदवला की नुसतं मन बदललं म्हणून तो रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव झाल्याचं दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं.

हिश्शाचं म्हणाल, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई आणि तिन्ही मुलं सारखे, म्हणजे प्रत्येकी पाव. वडिलोपार्जित मिळकतीत मुली जन्मतःच सहहिस्सेदार आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हे आलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. (हे हिंदू वारसा कायद्याखालच्या कुटुंबांबद्दल. गोव्यात तिथला समान नागरी कायदा लागतो.)

आता माहेराबद्दल. भावाशी फोनवर बोलू नका, समोर बसा. पहिलं वाक्य असं असू द्या : "दादा, वारस नोंदीला मी उद्या येते. हक्कसोडाचं वर्षश्राद्धानंतर बोलू, तोवर जमीन तूच कस." यात त्याची दोन्ही भयं निघतात. नोंद अडत नाही आणि उभं पीक कोणी मागत नाही. भावाच्या घाईमागे बहुतेक वेळा लोभ नसतो. बापाच्या जागी अचानक उभं राहावं लागल्याची धास्ती असते. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, बियाणं, आईचं औषध सगळं एकट्यावर आलेलं असतं आणि तेही तेराव्याच्या आतच. कागद पुढे करण्याची वेळ त्याने चुकीची निवडली, हे त्याला नंतर सांगता येईल. पहिल्या बैठकीत सांगू नका.

वर्षानंतर जमिनीतला हक्क सोडावासा वाटला तर फक्त जमिनीपुरताच सोडा. पत्रात गट नंबर लिहा, घराचा मिळकत क्रमांक त्यात येऊ देऊ नका. कोणाच्या लाभात सोडता, तेही नावानिशी लिहा. आणि एका गोष्टीवर आमचं मत ठाम आहे : आईचं नाव तिच्या हयातीत कुठूनही कमी करू नका. मुलींबरोबर आईचीही सही घेऊन टाकतात आणि दोन वर्षांनी तीच आई औषधाच्या पैशांसाठी तोंडाकडे बघत बसते. घर फुटलं म्हणणाऱ्या आईला हे एकटीला, शांतपणे समजावून सांगा.

प्रश्न : सासूबाई पक्षाघाताने तीन वर्षं अंथरुणावर होत्या. सगळं मी आणि माझ्या मिस्टरांनी केलं. मोठे दीर पुण्याहून महिन्याला एकदा यायचे. त्या गेल्यावर दहाव्यालाच ते सर्वांसमोर म्हणाले, "वेळेवर चांगल्या डॉक्टरला दाखवलं असतं तर आई राहिली असती." आठ महिने झाले, दोघे भाऊ बोलत नाहीत. मला अजून रात्री दोनला जाग येते. (नाशिक)

उत्तर : दोनची जाग आधी. शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तुमच्या शरीराने तीन वर्षं पाठ केलेलं आहे. ते आठ महिन्यांत पुरतं विसरत नाही. जाग आली की उठून पाणी प्या, पाच मिनिटं खुर्चीत बसा, मोबाइल हातात घेऊ नका आणि पुन्हा पडा. 'आता सुटलो' असं कधी वाटलं असेल तर त्याचा अपराध मानू नका. जिने रोज गू-मूत काढलं तिलाच ते वाटतं. तुमच्या प्रेमाचं माप त्यावरून काढता येत नाही.

दिरांचं वाक्य लागणारंच आहे. पण लांब राहणाऱ्या मुलाकडून हे इतक्या वेळा निघतं की, त्याचं कारण सांगायला हवं. जवळच्या माणसाने रोजचा उतार पाहिलेला असतो. लांबच्याने महिन्याच्या अंतराने तुकडे पाहिलेले असतात. त्याला मरण अचानक आलेलं वाटतं, आणि 'मी नव्हतो' ही बोच सोसवत नाही म्हणून ती 'तुम्ही केलं नाही' होऊन बाहेर पडते. पुरावे काढून हा वाद जिंकता येईल, पण त्यात भाऊ गमवाल.

हे करून पाहा. वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी मिस्टरांनी भावाला एकट्याने भेटावं. बायका, मुलं, नातेवाईक नकोत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षरही नको. दवाखान्याची फाइल सोबत न्यावी. हिशेब देण्यासाठी नव्हे, न पाहिलेली तीन वर्षं त्याला दाखवण्यासाठी. पहिल्या झटक्याचा कागद, फिजिओथेरपीचे महिने, नळीने भरवायला लागलं तो दिवस. अर्धा तास पुरे. मग एकच वाक्य : "दहाव्याला तू बोललास ते मला फार लागलं. तुलाही काहीतरी खात असणार." आणि गप्प बसावं. समजूत घालण्याची घाई केली की समोरचा पुन्हा वकिली सुरू करतो. नाहीच जमलं तर मामा किंवा आत्या, जिचं दोघं ऐकतात अशा एका व्यक्तीला मध्ये घ्या. चौघांना घेतलं की त्याची पंचायत होते.

खर्चाचं वेगळं बोला आणि आकड्यांत बोला. तीन वर्षांचा खर्च एका कागदावर, विमा वजा करून. भाऊ देईल न देईल, पण मोघम 'आम्हीच सगळं केलं' ऐकण्यापेक्षा आकडा ऐकणं सोपं असतं.

सासूबाईंच्या वस्तू अजून वाटल्या नसतील तर वर्षश्राद्धाला वाटा. दागिने आधी सराफाकडून वजन आणि शुद्धतेसह लिहून घ्या. साड्या, भांडी, देव्हारा यांची यादी करा आणि पाळीपाळीने एकेक निवडा, पहिली पाळी धाकट्याला. एकच वस्तू दोघांना हवी असेल तर ती शेवटी ठेवा. पैशाच्या दृष्टीने शून्य किमतीच्या वस्तूंवरच सर्वांत कडू भांडणं होतात : आईची पोळपाट-लाटणी, चष्म्याचं घर. लुगडी चार-पाच असतील तर ती न वाटता त्यांच्या दोन गोधड्या शिवून घ्या, प्रत्येक घरात एक.

प्रश्न : एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला. सात महिने झाले. मी रोज रडते. हे मात्र चौदाव्या दिवशी दुकानात गेले. डोळ्यांतून टिपूस नाही. रविवारी त्याची मोटरसायकल धूत बसतात, कोणाला हात लावू देत नाहीत. आम्ही दोघं एका घरात दोन भाडेकरू झालो आहोत. (नागपूर)

उत्तर : ती मोटरसायकल चालवली जात नाही, तरी दर रविवारी धुतली जाते. तुमच्या यजमानांच्या या कामाला दुकानातला नफा-तोट्याचा हिशेब लागू नाही. तुम्ही रडून जे करता, ते ते फडका घेऊन करतात.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये हे नीट मांडलं. दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण आणि रडणं, दुसऱ्या बाजूला बिलं, दुकान, स्वयंपाक. दोन्ही लागतात. जोडप्यात बिघडतं ते एकजण एका काठावर, दुसरा दुसऱ्या काठावर बसून राहिला की. मग तुम्हाला ते दगड वाटतात आणि त्यांना वाटतं, मी कोसळलो तर हिला कोण धरणार.

येत्या रविवारी बादली भरून त्यांच्याजवळ जा. काही विचारू नका, आरसे पुसा. असे दोन-तीन रविवार जाऊ द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी वीस मिनिटं ठरवा, टीव्ही बंद. दहा मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, मग उलट. 'रडू नको', 'देवाची मर्जी' ही वाक्यं दोघांनाही बंद. त्यांना बोलायचं नसेल तर ती दहा मिनिटं गप्प बसायची, पण उठायचं नाही. वीस मिनिटं संपली की संपली. वेळ ठरलेली असली की न बोलणारा माणूसही बसतो.

मुलाची खोली लगेच रिकामी करू नका आणि कुलूपही लावू नका. एका वेळी एक कप्पा, दोघांनी मिळून, आणि 'आज नको' म्हणायचा हक्क दोघांना. नातेवाइकांना एवढंच सांगा की त्याचं नाव घ्या. नाव टाळलं जातं तेव्हा घर जास्त ओसाड होतं.

'मूल गेलं की नवरा-बायको वेगळे होतातच' असं कोणीतरी तुम्हाला ऐकवलं असेल. त्याला आधार नाही.

लक्ष मात्र ठेवा. कित्येक महिने झोप आणि भूक गेलेली, दारू वाढलेली, रोजची कामं ठप्प, ओढ तसूभरही कमी होत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटना अशा लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरते, अमेरिकी मनोविकार संघटना मोठ्यांसाठी बारा. 'त्याच्याकडे जावंसं वाटतं' असं दोघांपैकी कोणीही म्हटलं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी पती गेले. दोन लहान मुलं आहेत. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी सासूबाई आहेत, लग्नाआधीपासून. त्या म्हणतात, "नाव माझं, पैसा माझा." मी टिकली लावली तर तोंड फिरवतात. (सोलापूर)

उत्तर : ठेवीचा नॉमिनी हा मालक नसतो. बँक त्याच्या हाती पैसे देते, पण ते त्याने वारसांसाठी सांभाळायचे असतात. आणि वारसांत सासूबाईही आहेत, हे तुम्हीही ध्यानात घ्या. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मिळकतीचे तुम्ही, दोन मुलं आणि त्यांची आई असे चार समान भाग होतात. विम्याचं वेगळं आहे. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा स्वतःचा लाभ मानला आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर वकिलाला दाखवूनच बोला. ठेवीचे चार भाग सांगताना सुरुवात त्यांच्या पाव भागापासून करा. म्हातारपणी आपलं काय, हीच त्यांची भीती आहे. मुलांचे दोन भाग मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाका आणि पावत्या त्यांना दाखवा.

टिकलीसाठी कोणाची परवानगी लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींनी उचलावा असं परिपत्रक त्याच महिन्यात काढलं. पण सासूबाईंशी यावरून वाद घालू नका. तुमच्या कपाळाकडे पाहिलं की त्यांना मुलगा आठवतो. टिकली लावा, आणि त्यांच्याजवळ बसून तो लहानपणी कसा होता ते विचारा. त्या गोष्टी तुमच्या मुलांना त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना शेवटच्या टप्प्यातला कर्करोग आहे. सहा वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळच झोपतो. त्याला काय सांगावं? दहाव्याला घाटावर न्यावं का? (ठाणे)

उत्तर : तुम्हाला टपालाने आधीच कळवलं आहे, इतरांसाठी इथे देतो. आत्ताच सांगा : "आबांना मोठा आजार झालाय, औषधाने बरा होत नाही." गेल्यावर 'झोपले' किंवा 'गावाला गेले' म्हणू नका. पहिल्याने मूल झोपायला घाबरतं, दुसऱ्याने दाराकडे बघत राहतं. "आबांचं शरीर बंद पडलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखतही नाही." तो हेच पंधरा वेळा विचारेल, दर वेळी त्याच शब्दांत सांगा. 'माझ्यामुळे झालं का?' हे न विचारताही त्याच्या मनात असू शकतं, म्हणून 'तुझ्यामुळे नाही' हे आपणहून सांगा. काही आठवडे अंथरूण ओलं होऊ शकतं, रागवू नका. शाळेतल्या बाईंना त्याच दिवशी कळवा.

घाटावर न्यायचं तर आदल्या रात्री सांगून ठेवा : पिंड ठेवतील, सगळे कावळ्याची वाट बघतील, काका कदाचित मोठ्याने रडतील. 'यायचंय का?' हे त्यालाच विचारा. त्याच्याबरोबर असा एक मोठा माणूस द्या, ज्याला विधीत काही करायचं नाही, म्हणजे त्याने 'घरी जाऊया' म्हटलं की दोघं लगेच निघू शकतील.