"मॅडम, माझं रजिस्ट्रेशन जाईल का?"

नाइट ड्युटी संपवून ती थेट माझ्याकडे आली होती. डबा पिशवीत तसाच, न उघडलेला. वय चोवीस, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झालेली, सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि हे तिला विचारूनच लिहितेय.) खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, माझं रजिस्ट्रेशन जाईल का?"

नर्सेसकडून हा प्रश्न मला सारखा येतो. कधी त्यात 'रजिस्ट्रेशन'च्या जागी 'जेल' असतं, एवढाच फरक.

सत्तरीचे एक आजोबा, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन 10 युनिट. वॉर्डात नेहमी 40 ची व्हायल (एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट असलेली बाटली) आणि लाल टोपीची सिरिंज. त्या दिवशी मेडिकलवरून 100 ची व्हायल आली, तिच्यासोबतची नारिंगी टोपीची सिरिंज काही आली नाही. तिच्या हातानं सवयीनं लाल टोपीची उचलली आणि 10 च्या रेघेपर्यंत भरली. आजोबांना गेले 25 युनिट, अडीचपट. काही वेळानं आजोबा घामाघूम, बरळायला लागले, शुगर घसरून 48. ओळखलं तिनंच. आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) उठवलं, 25 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, रात्रभर दर अर्ध्या तासाला शुगर बघितली. पहाटे आजोबांनी चहा मागितला.

खरी भानगड त्यानंतरची. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना इनचार्ज सिस्टर हळूच म्हणाल्या, "ते पान नवीन लिही. आजोबा नीट जेवले नाहीत, एवढंच टाक." तिनं पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. नर्सिंग नोट्सचा कोरा फॉर्म, चार घड्या घातलेला.

"लिहिलंस?"

"नाही. हात उचलला नाही." मग रडली. आई कुंभारीला विड्या वळते. "आईच्या विड्यांत खराब म्हणून छाट काढतात ना, तसं मला काढतील."

मी वकील नाही. एका ओळखीच्या वकिलांना विचारून घेतलं आणि दुपारी तिला फोनवर सांगितलं, ते असं. हलगर्जीपणानं मृत्यू झाला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं 304अ लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106. इथं मृत्यू नाही, म्हणजे ते कलमच नाही. डॉक्टरांविरुद्धच्या फौजदारी खटल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की साधी चूक पुरेशी नाही, हलगर्जीपणा ढोबळ हवा. पण एक गोष्ट नर्सेसना कुणी सांगत नाही: कलम 106 मध्ये डॉक्टरांसाठी कमाल शिक्षा 2 वर्षं आहे, इतरांना 5. आणि त्या 'डॉक्टर'च्या व्याख्येत नर्स बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

नातेवाईक ग्राहक आयोगात गेले, तर कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी हॉस्पिटललाही उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल चौकशी न करता, म्हणणं न ऐकता नोंदणीतून नाव काढत नाही.

"आणि हा कागद?" तिनं विचारलं.

चूक ही चूक असते. ते पान बदललं की तो खोटा दस्तऐवज होतो, तोही तिच्या अक्षरात, तिच्या सहीनं. उद्या विचारणा झाली तर 'इनचार्जनी सांगितलं होतं' हे कुठं लिहिलेलं असेल? तोंडी हुकुमाला सही नसते. शिवाय औषधांच्या चार्टवर, शुगरच्या चार्टवर आणि आरएमओंच्या नोंदीत खरं काय ते आधीच आलेलं होतं. तीन कागद एक सांगतात आणि चौथा वेगळं, म्हटल्यावर बघणारा पहिल्यांदा चौथ्याकडेच बघणार.

मग जुन्या पानाला हात न लावता तिनं खाली नवीन नोंद केली: आत्ताची तारीख, वेळ, 'उशिरा केलेली नोंद' असा शब्द, व्हायल कोणती, सिरिंज कोणती, शुगर किती, कुणाला कधी कळवलं. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही. शब्द चुकलाच तर एक आडवी रेघ, वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. घटनेचा अहवाल वेगळा मेट्रनकडे.

आजोबांच्या मुलाला सांगायचं कुणी, यावर आमचं बरंच झालं. एकटीनं जायचं नाही, हे मी ठाम सांगितलं. डॉक्टरांसोबत गेली. मुलगा भडकला, आवाज चढवला, मग विचारलं, "आता धोका नाही ना?" नंतर काही बोलला नाही. माफ केलं असं मी म्हणणार नाही.

तिला मेमो मिळाला. इनचार्ज महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. औषधांच्या ट्रेमध्ये मात्र आता दोन वेगळे डबे आहेत, एकावर लाल चिकटपट्टी, एकावर नारिंगी. हॉस्पिटलनं नाही, तिनं आणून लावल्या.

परवा फोन आला होता. मेमोचं उत्तर मराठीत लिहिलं तर चालेल का, विचारत होती.

"चालेल," म्हटलं, "आणि त्याची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेव."