मुलीला अभ्यासही करायचाय आणि चळवळही

प्रश्न: आम्ही केज तालुक्यातले. मुलगी बीए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमपीएससीचा क्लास लाव म्हटलं, तर म्हणते, ऊसतोड कामगारांवर संशोधन करीन आणि त्यांच्या संघटनेतही काम करीन. यात पोट भरेल का? – एक पालक

उत्तर: दादा, पोटाचं आधी बोलू. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि प्रकल्प संपला की बऱ्याचदा नोकरीही संपते. ही तयारी घराने ठेवायला हवी. पण हा नुसता नाद आहे असं समजू नका. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगावात रोजगार हमीचा प्रयोग झाला, १९७७ मध्ये आपल्या राज्याने तसा कायदा केला. ७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात निघालेल्या दुष्काळी कामांचा अभ्यास ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने केला. पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या मसुद्यातही ते होते आणि त्यासाठीच्या आंदोलनातही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले, तेव्हा कधी कामावर न गेलेल्यांचीच काय, मेलेल्यांचीही नावं निघाली. हिशेब तपासणं हेच तिथे आंदोलन झालं.

आता मुलीला सांगायचं ते. तुझ्या भागात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मात्र टोळी जमवणारा मुकादम बहुधा नवऱ्याच्या हातात देतो. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुखाचं उत्पन्न' एवढाच रकाना असेल, तर बाईने बांधलेल्या मोळ्या कागदावर येतच नाहीत. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावी परतलेल्या दहा-बारा घरांत जाऊन विचार: उचल किती, टनाला दर काय लागला, खाडे किती कापले, शेवटी फिटली की बाकी राहिली, आणि हिशेबाची वही कोणाकडे असते? बायकांशी वेगळं बोल. एवढ्यावर निष्कर्ष काढू नकोस, पण हे काम आपल्याला झेपतं का ते कळेल.

संघटनेत जरूर जा, पण माझ्या मते पदव्युत्तर शिक्षण अर्थशास्त्राचंच घे. भाषणं करणारे पुष्कळ मिळतात, नमुना नीट निवडून आकडे सांभाळणारा माणूस मिळत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत एमएससी आहे. तिथे गणित लागतं, ते कच्चं असेल तर आत्ताच सांख्यिकी धर. प्रत्यक्ष गावातल्या कामाकडेच ओढा असेल, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. आणि संघटनेच्या मागणीला न परवडणारा आकडा निघाला, तर तोही जसाच्या तसा मांडायचा. हे संघटनेला पहिल्याच दिवशी सांगून टाक, नंतर फार जड जातं.

दादा, एमपीएससीचा क्लास दोन वर्षं मागे ठेवा. पदव्युत्तर शिक्षण झाल्यावरही वयात बसते ती.