तुमचे प्रश्न : तालमीतला खुराक, पिंजऱ्यातली फाइट आणि वजनाचा काटा

गेल्या वेळी एमएमएवर, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सवर, जाळीच्या पिंजऱ्यात बुक्के, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळावर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की हे सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, म्हणून फक्त गावं देतोय. मी स्वतः तेरा वर्षं कुस्ती केली, आता पोरांना मॅटवर शिकवतो. जे पाहिलं, केलं तेच सांगतोय, पण दुखण्याखुपण्यात डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

सर, मी २१ वर्षांचा आहे, नऊ वर्षं तालमीत आहे, माती आणि मॅट दोन्ही खेळलोय. वजन ७४. आता एमएमए करायचंय. वस्ताद म्हणतात आपला खुराक आणि आपली मेहनत असली की कुठलाही खेळ जमतो. खरंय का? (तासगाव)

वस्तादांचं निम्मं खरं आहे रे, आणि ते निम्मं फार मोठं आहे. एमएमएतला खबीब नुरमागोमेदोव घे, रशियातल्या दागेस्तानचा, वडिलांच्याच हाताखाली कुस्ती आणि कॉम्बॅट साम्बो (बुक्के-लाथा चालणारी रशियन कुस्ती) शिकलेला, २०२० मध्ये रिटायर झाला तेव्हा २९ फाइट आणि २९ विजय. तो करायचा काय? पाय धरायचा, खाली घ्यायचा आणि वरून असा दाबायचा की समोरच्याला उठताच येऊ नये. तू नऊ वर्षं जे केलंस तेच. पट काढणं, कंबर धरणं, अंगावर वजन टाकणं हे जिममध्ये दोन वर्षांत शिकून येत नाही, बॉक्सिंगमधून आलेली पोरं याच्यासाठी तरसतात.

पण तुझ्या अंगात दोन सवयी अशा आहेत ज्या तिथे तुला हरवतील. पहिली, चीत होऊ नये म्हणून पोटावर वळायची. कुस्तीत हे इतकं मुरलेलं असतं की डोकं विचार करायच्या आत अंग वळतं, आणि एमएमएत तू पाठ दिलीस की समोरचा पाठीवर बसतो, मांड्यांच्या आत पाय अडकवतो आणि हात गळ्याखाली घालतो, त्याला रिअर नेकेड चोक म्हणतात, नीट बसला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते. तिथे पाठीवर पडणं म्हणजे हरणं नाही, पाठीवर पडूनसुद्धा फाइट जिंकता येते, हे अंगाला नव्याने शिकवायला लागेल आणि त्याला एक वर्ष तरी जाईल असं धर. दुसरी सवय, पटात शिरताना मान मोकळी सोडायची. ती मान काखेत सापडली की गिलोटिन, म्हणजे पुढून हाताने गळा आवळणं. आपला भरत खंडारे, भारतातून यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत गेलेला पहिला फायटर आणि कुस्तीतूनच आलेला, नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनवर हरला. त्याला कमी लेखायला हे सांगत नाहीये, ज्या दारातून आज आपली पोरं आत जातायत ते दार त्याने उघडलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तू उतरायच्या आधी सहा महिने नुसतं जिउजित्सु, म्हणजे जमिनीवरची पकड आणि गळा-सांधे आवळायची विद्या कर, गळा आणि पाठ वाचवायला शीक, मग बाकीचं.

आता मेहनत. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, इथे पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, टायटलची फाइट असेल तर पाच राउंड, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. जोर, बैठका, सपाट्या, दोर सोडू नकोस, मान कमावलेली असेल तर ती तर अजिबात सोडू नकोस, मान भक्कम असली की बुक्का लागल्यावर डोकं कमी हलतं. त्यात आठवड्यातून तीन वेळा चाळीस-पन्नास मिनिटं सावकाश पळणं घाल, इतकं सावकाश की पळता पळता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. पोरांना हे कमीपणाचं वाटतं, धाप लागली नाही तर व्यायाम झाला असं वाटतच नाही त्यांना, पण तिसऱ्या राउंडला हात वर राहतात ते या पळण्यावर.

आणि खुराक. थंडाई, तूप, मटण यात वाईट काही नाही, फक्त तो खुराक रोज हजार बैठका मारून वर लाल माती खोदणाऱ्या पैलवानाचा आहे आणि त्याला जड व्हायचं असायचं. शंभर ग्रॅम बदामात जवळपास ५८० कॅलरी असतात, वर दोन चमचे तूप म्हणजे अजून अडीचशे. तुला वेल्टरवेटला म्हणजे ७७ किलोला खेळायचं असेल तर बदाम दहा-पंधरा, तूप भाकरीवर एक चमचा, आणि पोट भरायचं ते भाकरी, भात, उसळ, अंडी, चिकन यांनी. जिथे दोनदा ट्रेनिंग आहे त्या दिवशी भात-भाकरी वाढव, सुट्टीच्या दिवशी कमी कर, बाकी फार हिशोबात पडू नकोस.

मुलगा १७ वर्षांचा आहे, वजन ६७. कोचनी सांगितलंय आठ दिवसांत ६१ वर ये. तो उन्हात प्लास्टिकचा सूट घालून पळतो, पाणी पीत नाही, सारखा थुंकत असतो. काल जिन्यात चक्कर आली. विचारलं तर म्हणतो सगळे फायटर असंच करतात. काय करू? (नाशिक)

ताई, आधी त्याला आजच पाणी प्यायला लावा आणि ही स्पर्धा या वजनात खेळायची नाही असं घरातून स्पष्ट सांगा. कोच नाराज झाले तर होऊ देत. अठराच्या आतल्या मुलाने अंग वाळवून वजन पाडायचंच नसतं, याला माझ्याकडे अपवाद नाही.

तो म्हणतो ते खोटं नाही, बरेच फायटर करतात. एमएमएत वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून पाच-सहा किलो पाणी काढायचं, काट्यावर उभं राहायचं आणि चोवीस तासांत परत भरायचं असा खेळ चालतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर तीन-एक ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे भात-भाकरी आणि मीठ चार-पाच दिवस कमी केलं की किलो-दीड किलो आपोआप उतरतं, मोठ्या माणसाला त्याने फार काही होत नाही. त्याच्यापुढचं जे निघतं ते घामातून, म्हणजे रक्तातलं पाणी. रक्त कमी आणि घट्ट झालं की हृदय धडधडत राहतं, घाम येणं बंद होतं, अंग तापतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि जे कोणी पोरांना सांगत नाही ते हे, की मेंदूभोवती जे पाणी असतं, ज्यावर मेंदू तरंगतो, तेही कमी होतं आणि एका दिवसात ते पुरतं भरून येईलच याची खात्री नसते. अशा डोक्यावर बुक्का खायचा.

त्याला ही उदाहरणं वाचून दाखवा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन पाडताना वारले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूट बंद झाले. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियानबिंग, २१ वर्षांचा, मनिलात फाइटच्या आधी वजन पाडताना गेला, त्यानंतर ती फाइट भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या आशियातल्या कंपनीने पाणी काढून वजन पाडणं बंद केलं आणि काट्याबरोबर लघवीची तपासणी सुरू केली. खुद्द खबीब मार्च २०१७ मध्ये वजन पाडताना दवाखान्यात गेला आणि टोनी फर्ग्युसनबरोबरची टायटल फाइट रद्द झाली, हे तर ज्याच्याकडे जगातली सगळ्यात चांगली टीम होती त्याचं. आणि आपली विनेश फोगाट, ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक. कुस्तीत दोन्ही दिवस सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली, रात्रभर सगळं करून सकाळी ५० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. मी त्या दिवशी दुपारी तालमीत गेलो तर पोरं गप्प बसलेली, कुणी लंगोट बांधला नव्हता.

मी एकोणीस वर्षांचा असताना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी दोन दिवसांत चार किलो उतरवले होते, ते ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव घेत नाही. कांबळं पांघरून चुलीपाशी बसलो, जीभ टाळूला चिकटायची, आईने पाण्याचा तांब्या तीनदा पुढे केला आणि तीनदा मी मागे सारला. काट्यावर बरोबर भरलो. कुस्ती सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि ज्याला मी सरावात रोज पाडायचो त्या पोराने मला उचलून टाकलं. रात्री लघवी चहाच्या रंगाची झाली. आई काही बोलली नाही, पायाला तेल चोळत बसली. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, हरल्याचं नाही, त्या तांब्याचं.

तर ताई, मुलाचं खरं वजन ६७ आहे तर त्याने ७० च्या गटात खेळावं. उंच-दांडगी पोरं समोर येतील, एक-दोन फाइट हरेल, हरू देत, या वयात शिकणं महत्त्वाचं आहे. पुढे एकवीस-बाविसाव्या वर्षी गट खाली आणायचा असेल तर आठवड्याला अर्धा किलो या हिशोबाने आठ-दहा आठवडे घ्यायचे, पाणी चालू ठेवून. आत्ता चक्कर आलीय म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि असंबद्ध बडबड करायला लागला, घाम थांबला, उलट्या झाल्या किंवा लघवी गडद आली तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना.

पिंपरीत कंपनीत शिफ्टला आहे, वय ३४, दोन मुलं. फाइट करायची नाहीये पण फायटरसारखं ट्रेनिंग करायचंय. रोज दोन वेळा जमणार नाही. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची फाइट, करू का?

रोज दोनदा करायची गरजच नाही दादा. प्रोफेशनल फायटर फाइटच्या आधी आठ-दहा आठवडे जो कॅम्प करतो त्यात आठवड्याला दहा-बारा सेशन असतात, पण त्याचं बाकीचं काम काय, तर जेवणं आणि झोपणं. दुपारी दोन तास झोपतो तो. तुम्ही नाइट शिफ्ट करून, मुलाला शाळेत सोडून ते करायला गेलात तर महिन्यात गुडघा नाहीतर खांदा जाणार. आठवड्याला तीन दिवस क्लास, एक दिवस वजनं, एक दिवस सावकाश पळणं, एवढं वर्षभर टिकलं तरी अंग बदलेल. नाइट करून आलात त्या दिवशी झोपा, क्लास बुडाला तर बुडू द्या.

स्पारिंग करा पण हलकं, मोठे १६ औंसांचे ग्लोव्हज आणि दातांचं गार्ड घालून. डोक्यावर जोरात मारायचं स्पारिंग ज्यांना त्यातून पैसे मिळतात त्यांनी करावं, आणि त्यांच्यातलेही आता कमी करायला लागलेत, मॅक्स होलोवे यूएफसीचा चॅम्पियन राहिलेला, पण त्याने ट्रेनिंगमधलं स्पारिंगच सोडल्याचं स्वतः सांगितलंय. क्लासमध्ये कोणी जोरात मारत असेल आणि सांगूनही ऐकत नसेल तर क्लास बदला. डोकं दुखत असताना, गरगरत असताना परत मॅटवर जायचं नाही.

घरी अंडंसुद्धा चालत नाही. ७० किलो वजन आहे. शाकाहारी राहून एमएमए होईल का, का सगळं पावडरवर? (जळगाव)

होईल. तुला किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन पाहिजे, म्हणजे दिवसाला ११२ ते १४०. अर्धा लिटर दूध १६, पनीर १०० ग्रॅम १८, सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम म्हणजे २६, दोन वाट्या घट्ट वरण १३, मटकीची उसळ एक वाटी ८, दही ७, चार भाकऱ्या १२, मूठभर शेंगदाणे ८. झाले १०८, आणि यातलं एकही वाण्याकडे मिळत नाही असं नाही. वर व्हेचा एक स्कूप घेतलास की २४ अजून. पावडर वाईट नाही, दुधाचीच असते, फक्त सीलबंद आणि बिलासकट घे, कारण भेसळीच्या डब्यात बंदी असलेलं काही निघालं आणि डोपिंगमध्ये सापडलास तर शिक्षा तुलाच होते. आणि बी-१२ तपासून घे, शाकाहारी मुलांमध्ये ते हमखास कमी निघतं आणि पोरं महिनोनमहिने थकवा म्हणजे आळस समजून स्वतःला शिव्या देत बसतात.

मी २० वर्षांची, आधी वुशू (चिनी मार्शल आर्ट) खेळायचे, आता एमएमए. पूजा तोमरची फाइट बघून ठरवलं. गेले चार महिने पाळी आली नाही, मैत्रिणी म्हणतात बरंच झालं, खेळाडूंना असं होतं. (नागपूर)

पूजा तोमर पण वुशूतलीच, जून २०२४ मध्ये यूएफसीत फाइट जिंकणारी पहिली भारतीय बाई झाली, तू तिला बघून उतरलीस याचा मला फार आनंद झाला. पण मैत्रिणींचं ऐकू नकोस बाळा. पाळी बंद होणं म्हणजे फिट होणं नाही, जेवढं खर्च करतेस तेवढं खात नाहीयेस असं शरीर सांगत असू शकतं, आणि हे लांबलं तर हाडं ठिसूळ होतात, नडगीला किक मारताना बारीक फ्रॅक्चर होतात, ते भरायला महिने जातात. दुसरंही कारण असू शकतं, म्हणून या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतील. तोवर वजन कमी करायचं पूर्ण बंद, ट्रेनिंगच्या आधी एक केळं किंवा पोळी-गूळ-तूप, ट्रेनिंगनंतर तासाभरात पूर्ण जेवण, फक्त सॅलड नाही. कोच पुरुष असले तरी त्यांना सांग, लाजायचं काही नाही त्यात. ज्या कोचला हे ऐकून घेता येत नाही त्याने मुलींना शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कान सुजलाय आणि मांडीवर गजकर्ण झालंय. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आधी बरं वाटलं, आता दुप्पट पसरलंय. (कराड)

कानात रक्त साठलंय, ते दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडून काढून घट्ट पट्टी बांधून घेतली तर कान वाचतो, उशीर झाला की तो तसाच कडक होतो. मित्राकडून सुई टोचून घेऊ नकोस, पू होतो. आणि ती ट्यूब आजच टाकून दे, तिच्यात बहुतेक स्टिरॉइड असणार, त्याने खाज थांबते आणि आतून गजकर्ण पसरत जातं. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, गोळ्या-मलम जितके आठवडे सांगतील तितके आठवडे पुरे कर, डाग गेला म्हणून मध्येच सोडू नकोस. तोपर्यंत मॅटवर कुणाच्या अंगाला लागायचं नाही, टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, आणि तुमच्या हॉलमधली मॅट रोज फिनेलने पुसली जाते का ते विचार, नसेल तर तूच फडकं घे.