उत्तर: पीडीएफ एडिटर फुकट, बदल्यात वापराची नोंद. आज अनइन्स्टॉल करू नका

ताई, आज रात्री बसून ते फुकटचं पीडीएफ एडिटर काढून टाकते, असं तुम्ही पोस्टच्या शेवटी लिहिलंय. तेवढं आज करू नका. आधी प्रोग्रॅम उघडा, 'अबाउट' किंवा 'अकाउंट'मध्ये जा आणि तिथे जो लांबलचक इन्स्टॉलेशन आयडी दिसेल तो वहीत उतरवून घ्या. मोबाईलने फोटो काढला तरी चालेल. ज्या अटींना तुम्ही होकार दिला ते पानही पीडीएफ करून ठेवा, कारण ही पानं मागाहून बदलतात. मग नोंद थांबवायचं बटण असेल तर ते बंद करा, नसेल तर त्या कॉम्प्युटरचं नेट काढा आणि पुढचा पत्रव्यवहार मोबाईलवरून करा. अनइन्स्टॉल सगळ्यात शेवटी. काऊन, ते सांगतो.

मानेवाड्याला घरून जीएसटी रिटर्नचं काम, पीडीएफ एडिटर वर्षभर फुकट, बदल्यात कॉम्प्युटर कसा वापरता याची नोंद कंपनीकडे, आणि आता मन खातंय. तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. माझं सिव्हिल लाईन्सला कोर्टाच्या बाजूला टायपिंग-डीटीपीचं काम. जुन्या खरेदीखतांचे स्कॅन येतात, त्यातला मजकूर उचलायला चांगलं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि चांगलं ओसीआर पैसे मागतं. एका कंपनीने ते फुकट देऊ केलं. अट उघड लिहिलेली होती: कोणता प्रोग्रॅम किती वेळ वापरता, ते आम्हाला कळू द्या. सौदा वाजवी वाटला. आणि सौदा करणंच वाईट, असं मी आजही म्हणणार नाही.

दर महिन्याला त्यांचा अहवाल मेलवर यायचा. रंगीत चकती, वर्डमध्ये इतका वेळ, ब्राउझरमध्ये इतका. दुकानातली पोरं ते बघून हसायची. मग एका महिन्यात त्यात 'सर्वाधिक वापरलेले दस्तऐवज' असा नवा रकाना आला. पहिल्याच ओळीत कौटुंबिक न्यायालयातल्या एका घटस्फोटाच्या अर्जाचं फाईलनाव, पक्षकाराच्या आडनावासकट, शेवटी आमच्या नेहमीच्या पद्धतीने 'फायनल २'. खाली पोटगीचं शपथपत्र. त्याखाली चेक बाउन्सची नोटीस, रकमेसह, कारण आम्ही रक्कम फाईलच्या नावातच टाकायचो म्हणजे शोधायला सोपं.

असं होतं कसं? फाईल उघडून कोणी वाचत नाही. पण 'कोणता प्रोग्रॅम वापरता' हे मोजायला असे प्रोग्रॅम बहुधा खिडकीच्या वरच्या पट्टीवरचा मजकूर, म्हणजे टायटल बार, टिपून घेतात. वर्ड तिथे फाईलचं नाव दाखवतो. जीमेल उघडलं की टॅबवर मेलचा विषय आणि तुमचा ईमेल पत्ता दोन्ही येतात. गुगलवर काही शोधलं की शोधलेले शब्द. म्हणजे 'वापराची माहिती' म्हणत म्हणत आख्ख्या दुकानाचं आवक-जावक रजिस्टरच पलीकडे जातं.

तुमच्या कामात हे माझ्यापेक्षा वाईट आहे. पोर्टलवरून ३बी रिटर्नची पीडीएफ उतरवली की फाईलच्या नावात जीएसटीआयएन, म्हणजे गिऱ्हाइकाचा जीएसटी नोंदणी क्रमांक, येतो. पंधरा अक्षरांचा तो आकडा तुम्हाला पाठ असेल: पहिले दोन राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन. तुमच्या गिऱ्हाइकाने त्या कंपनीला कधी होकार दिला होता? होकार तुम्ही दिला, माहिती त्याची गेली. माझा या सौद्यावरचा खरा आक्षेप एवढाच आहे. स्वतःची माहिती कोणी विकावी की वाटावी, त्याची मर्जी. पण धंद्याच्या कॉम्प्युटरवर स्वतःची अशी माहिती असते किती?

आता त्या ओसीआर कंपनीच्या तक्रार कक्षाबद्दल. नाव घेत नाही, इथले नियम आहेत आणि मला नोटीस नको.

बर्डीहून आमचा दुरुस्तीवाला येतो, त्याने झटक्यात अनइन्स्टॉल करून दिलं. मग मी कंपनीला मेल टाकला की आजवर गोळा केलेलं सगळं पुसून टाका. उत्तर आलं: इन्स्टॉलेशन आयडी कळवा. तो फक्त प्रोग्रॅमच्या आत दिसतो, आणि प्रोग्रॅम तर काढलेला. तसं कळवलं, तर म्हणे पुन्हा टाकून बघा. पुन्हा टाकताना पहिल्याच पडद्यावर त्याच अटींना नव्याने होकार द्यावा लागला, आणि आयडी मिळाला तो नवा कोरा. तो कळवल्यावर उत्तर काय, तर या आयडीखाली पुसण्याजोगी माहिती आढळत नाही. कशी आढळेल बाप्पा, तो आयडी नुकताच जन्माला आला होता!

मग मी जुना अहवालच जोडून पाठवला. त्यावर सांगितलं की माहिती नाव-गाव काढून साठवलेली असते, त्यामुळे तुमची कोणती हे आम्हालाही ओळखता येत नाही. मी विचारलं, ओळखता येत नाही तर दर महिन्याला माझाच अहवाल माझ्याच मेलवर कोण धाडत होतं? या प्रश्नाला उत्तर आजतागायत नाही. त्याऐवजी 'ओळख पटवण्यासाठी' आधारची प्रत मागितली. म्हणजे जी माहिती नको होती ती परत घेण्यासाठी आणखी द्या. फोन नंबरवर नुसतं संगीत. तेवढ्यात डिसेंबर उजाडला, हिवाळी अधिवेशन लागलं. ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवसांत निवेदनं टाइप करून घ्यायला बाहेरगावच्या माणसांची दुकानासमोर रांग असते, जेवायला फुरसत नसते. त्या गडबडीतून मान वर काढली तर मेल पडलेला: ७२ तासांत प्रतिसाद न आल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. स्वतः उत्तराला आठवडे लावायचे आणि आपल्याला तीन दिवस.

घटस्फोटाचा अर्ज ज्या वकीलसाहेबांचा होता त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. रागावले नाहीत. पण त्यानंतर कौटुंबिक न्यायालयाचं काम त्यांनी माझ्याकडे पाठवणं बंद केलं. त्या फुकटच्या ओसीआरची किंमत ती.

आणि 'नाव काढून टाकलंय' या वाक्यावर विसंबू नका. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध नावाऐवजी क्रमांक टाकून संशोधनासाठी खुले केले होते. ४४१७७४९ या क्रमांकामागची जॉर्जियातली ६२ वर्षांची बाई वार्ताहरांनी निव्वळ तिच्या शोधांवरून हुडकून काढली. अव्हास्ट या मोफत अँटिव्हायरसची गोष्ट तर अलीकडची. लोकांनी कुठे काय क्लिक केलं ती माहिती त्यांची उपकंपनी जंपशॉट विकत होती. जानेवारी २०२० मध्ये बातम्या फुटल्या आणि त्याच महिन्यात उपकंपनी बंद करावी लागली. तिथेही नाव नव्हतं, पण यंत्राचा क्रमांक आणि क्लिकची अचूक वेळ होती. ज्या दुकानाकडे त्याच सेकंदाच्या खरेदीची नोंद आहे, त्याने दोन्ही शेजारी ठेवले की माणूस सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. लोकांनी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं पाळत टाळायला, हे विशेष.

कायद्याचं. मी वकील नाही, वकिलांचं टायपिंग करतो, त्यामुळे हे कोणाकडून तरी तपासून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. होकार जितक्या सहज दिला तितक्याच सहज मागे घेता आला पाहिजे, असं त्यात स्वच्छ आहे. माहिती पुसून मागण्याचा आणि तक्रारीचा हक्कही आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या. तरी मेलमध्ये कायद्याचं नाव घाला, भाषा जरा नरमते. आणि ताई, रागावू नका, पण गिऱ्हाइकांचे पॅन आणि हिशोब तुम्ही धंद्यासाठी सांभाळता, तेव्हा त्याच कायद्याने काही जबाबदारी तुमच्यावरही येते, असं माझं वाचन आहे.

मेल एकच लिहा आणि त्यात सगळं मागा: होकार मागे घेतला, नोंद थांबवा, साठलेलं पुसा, कोणाकोणाला दिलं ते कळवा. आयडी पहिल्या ओळीत. आधार मागितलं तर देऊ नका, सॉफ्टवेअर घेताना दिलेल्या ईमेलवरूनच लिहीत आहे, तीच ओळख पुरेशी, असं कळवा. तक्रार बंद होऊ नये म्हणून अधूनमधून 'उत्तराच्या प्रतीक्षेत' एवढं तरी टाकत राहा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लेखी उत्तर हातात आलं, किंवा महिनाभर वाट बघून आलंच नाही, की मग अनइन्स्टॉल. कसं करायचं ते तुम्हाला माहीत असेलच. त्यानंतर तीन ठिकाणी मागे उरलेलं शोधा. ब्राउझरमधलं एक्स्टेंशन, ते वेगळं काढावं लागतं. विंडोजच्या टास्क शेड्युलर आणि सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्यांत, त्या कंपनीच्या नावाचं 'अपडेटर' छाप काही. तिसरं, स्टार्टमध्ये 'मॅनेज युजर सर्टिफिकेट्स' शोधून विश्वासू रूट सर्टिफिकेटच्या यादीत त्यांचं नाव आहे का बघा. असं सर्टिफिकेट बसवलं की कुलूप दिसणाऱ्या साइटवरचा मजकूरही मधल्यामध्ये वाचता येतो. २०१९ मध्ये फेसबुकचं संशोधनाचं अॅप गाजलं, महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन फोनवरची वाहतूक बघणारं, त्यातही हेच सर्टिफिकेट होतं. यादीतलं ओळखीचं नसलेलं सरसकट उडवू नका, निम्म्या साइट बंद पडतील. शंका असेल तर माहितगाराला बसवा.

कोणीतरी खाली लिहीलच की विंडोजवर दुसरं युजर अकाउंट काढा आणि त्यात चालवा. माझं मत, नाही. असे प्रोग्रॅम बऱ्याचदा सर्व्हिस म्हणून चालतात आणि सगळ्या अकाउंटना लागू होतात. खरंच सौदा करायचा तर जुना कॉम्प्युटर घ्या, त्यावर गिऱ्हाइकाचं काही नको. मुलांचं गाणी ऐकणं मोजू देत खुशाल. आणि अटींत 'न वापरलेलं इंटरनेट शेअर करा' असं काही असेल तर त्या कॉम्प्युटरवरही नको. २०१५ मध्ये होला या फुकट व्हीपीएनचं, म्हणजे दुसऱ्याच पत्त्यावरून नेट वापरू देणाऱ्या सेवेचं, हेच निघालं होतं, वापरणाऱ्यांची जोडणी दुसऱ्यांना विकली जात होती. पलीकडचा माणूस काय उद्योग करेल ते तुमच्या पत्त्यावरून झालं असं दिसणार.

सगळेच सौदे लबाड नसतात. डेबियन लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका फुकट प्रणालीत, कोणती पॅकेजेस (प्रोग्रॅम) वापरता ते आठवड्याला कळवायची सोय आहे. तुम्ही स्वतः चालू केली तरच चालते, आणि आकडेवारी सगळ्यांसाठी खुली. फायरफॉक्समध्ये काय पाठवलं जातं ते बघायला पान आहे, विंडोजमध्येही 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक'खाली बघायची सोय आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्षाच्या सुरक्षा अपडेटसाठी ३० डॉलर मागितले होते, किंवा पैसे नको असतील तर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवा म्हणाले. मला तो सौदा चालला, काय जातंय ते समजत होतं म्हणून. जाणारी ओळ न् ओळ आधी दाखवत असतील तर विचार करावा. फक्त चकती दाखवत असतील तर नाही.

जाता जाता आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. मराठी टायपिंगचं कुठलंही फुकट टूल नेटवरून उचलू नका. कीबोर्डला तुमची प्रत्येक कळ दिसते, पासवर्डसकट. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी आधीपासून आहे आणि २०१९ च्या अपडेटपासून उच्चारानुसार टाइप करायचं मराठी फोनेटिकही आलंय, भाषेच्या सेटिंगमध्ये जोडून घ्या.

पीडीएफमधली पानं वेगळी करणं एवढंच असेल तर लिब्रेऑफिस आणि ब्राउझरमधलं प्रिंट यात भागतं. मी ओसीआर शेवटी विकत घेतलं. जड गेलं, पण दोन मोठ्या खरेदीखतांच्या कामात निघालं.

आयडी सापडला की इथे कळवा, मेलचा मसुदा बघून देतो. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर आयडी झाका, आणि खालच्या टास्कबारवर उघड्या फायलींची नावं दिसतात तीही झाका.