नोकरी सांभाळून पदवी: पहिल्या सत्रासाठी सल्ला

पहिल्या सत्रात कमीत कमी विषय घ्या. चालत असेल तर दोनच. तासाला बसण्याचा वेळ सगळे धरतात, वाचनाचा आणि लिखाणाचा धरत नाहीत, आणि गाडी तिथेच अडते. एका तासाच्या व्याख्यानामागे घरी साधारण दोन तास, असा आठवडा आखा. दिवसभर काम करून रात्री जड प्रकरण डोक्यात शिरत नाही. तेव्हा टिपणं लावा, अवघड वाचन सुट्टीच्या सकाळी.

पहिल्या निबंधात गुण जातात ते बहुधा एकाच कारणाने: कामाचा अनुभव भरभरून उतरतो, पण त्याला वाचलेल्याचा आधार नसतो. अनुभव एका परिच्छेदात, उदाहरणापुरता. मुद्दा मांडायचा तो संदर्भ देऊनच. वाचतानाच लेखक, वर्ष आणि पान क्रमांक टिपून ठेवा, नाहीतर शेवटची रात्र ते एक पान शोधण्यातच जाते.

मुदतवाढ मुदतीआधी आणि लेखी मागा; नंतर सांगितलेलं खरं कारणही सहसा चालत नाही. वयाचा संकोच? विशीतली मुलं ऑनलाइन ग्रंथालय पाच मिनिटांत शिकवतात, बिनधास्त विचारा. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका.