अल्फाफोल्डवरून (अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रोटीनची रचना वर्तवणारा एआय) उतरवलेल्या प्रोटीनच्या मॉडेलवर थेट डॉकिंग, म्हणजे एखादा रेणू प्रोटीनमध्ये कुठे आणि कसा बसेल याचा संगणकावर अंदाज, करता येईल का?

थेट नको. आधी पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या खुल्या संग्रहात बघा. तुमच्या प्रोटीनची प्रयोगाने काढलेली, आत एखादा लिगंड (प्रोटीनला धरून बसणारा छोटा रेणू) बसलेली रचना मिळाली तर अल्फाफोल्ड हवंच कशाला?

नसेल, तर फाइलमधला बी-फॅक्टरचा रकाना वाचा. नाव तेच असलं तरी तिथे प्रत्येक अमिनो आम्लाचा पीएलडीडीटी (तिथल्या अंदाजाची मॉडेलला किती खात्री आहे, त्याचा गुण) भरलेला असतो, ० ते १००. ९०च्या वर असेल तर साइड चेनवरही (कण्यातून फुटणाऱ्या बाजूच्या फांद्या) बऱ्यापैकी भिस्त ठेवता येते. ७० ते ९० म्हणजे कणा ठीक, साइड चेनचं सांगता येत नाही. ५०च्या खालच्या, चित्रात नारिंगी दिसणाऱ्या सैल शेवया सरळ कापा. युनिप्रॉट या प्रोटीन-क्रमांच्या डेटाबेसमधला पूर्ण क्रम घेतलेला असल्यामुळे सिग्नल पेप्टाइडही (सुरुवातीचा, पेशीत नंतर कापला जाणारा तुकडा) मॉडेलात राहतो, तोही काढायचा. पॉकेट (लिगंड बसायची खोबण) दोन डोमेनच्या, म्हणजे प्रोटीनच्या स्वतंत्र घडी घातलेल्या भागांच्या, सांध्यात असेल तर पीएईचा (दोन भागांच्या परस्पर जागेतली अंदाजे चूक) चौकोन बघा. दोन्ही डोमेन गडद निळे (पीएलडीडीटी ९०च्या वर), पण त्यांच्यातली पीएई २५ अँगस्ट्रॉम, असं दिसलं तर त्यांची परस्परांतली मांडणी निव्वळ अंदाज समजा.

खरी फसगत मात्र निळ्या, म्हणजे खात्रीच्या, भागातच होते. डेटाबेसमधल्या मॉडेलांत धातू, पाणी, हीम, काहीच नसतं. कार्बोनिक अनहायड्रेज २ या एन्झाइमचं मॉडेल उघडून बघा: ९४, ९६ आणि ११९ क्रमांकाच्या तीन हिस्टिडीन जिंकला धरायला तोंड करून बसलेल्या, आणि मधली जागा रिकामी. काचबिंदूवरचं अ‍ॅसिटाझोलामाइड आपल्या सल्फोनामाइडच्या नायट्रोजनने नेमकं त्या जिंकलाच धरतं. जिंक न ठेवता व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्राम चालवला तर रेणू भलतीकडेच बसू शकतो, आणि स्कोअर तरीही छान दिसतो, ही खरी पंचाईत. उपाय म्हणजे पायमॉलमध्ये (रचना बघायचा प्रोग्राम) जवळच्या नातेवाईक प्रोटीनची रचना मॉडेलवर अलाइन करून जिंक तिथून उचलायचा, किंवा अल्फाफिलमध्ये (अल्फाफोल्डच्या मॉडेलांत असे लिगंड आणि आयन बसवून ठेवलेला डेटाबेस) तयार मिळतो का ते बघायचं.

मग त्याच नातेवाईक रचनेतला लिगंड काढून पुन्हा डॉक करा. मूळ जागेपासून आरएमएसडी (अणूंचं सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत येत नसेल, तर तुमची बॉक्स (डॉकिंगने शोधायची जागा) किंवा प्रोटोनेशनची (कुठे हायड्रोजन लावायचे त्याची) तयारी चुकलीय. नवे रेणू चाळायला घेऊ नका.

२०२४चं अल्फाफोल्ड ३ आयन आणि लिगंडसकट मॉडेल देतं, पण त्यात कधीकधी कायरल केंद्र उलटं निघतं (रेणूचा तो भाग आरशातल्या प्रतिमेसारखा येतो), तेवढं डोळ्यांनी तपासा. आणि एक अमिनो आम्ल बदलून म्युटेशनचा परिणाम बघायचा बेत असेल तर तो सोडा. मॉडेल बहुतेक वेळा जसंच्या तसं येतं, भले प्रत्यक्षात ते प्रोटीन घडीच घालत नसेल.